डोमाची हैसियत

"उतरली असं लिवा ना, साहेब."

"उतरली नाही, डोमाजी. नव्हतीच, असं लिहावं लागते."

"काऊन? मानसाची हैसियत उतरत नाई काय? भल्याभल्याची उतरते. मालगुजाराची नाई उतरली?"

"मालगुजाराची चढलेली होती, म्हणून उतरली. तुमची कधी चढली होती ते सांगा. साल सांगा, महिना सांगा. लगेच लिहितो."

डोमानं दाराकडे पाहिलं. दाराशी, भिंतीला पाठ लावून, त्याची बायको गोकुळा बसली होती. तिच्या मांडीवर टोपली होती, आणि टोपलीत ओल्या फडक्याखाली वकिलांच्या फीपैकी एक मरळ अजून शेपटी हलवत होती.

"माह्याकडे काय पाहून राह्यले?" ती म्हणाली. "मी तुमच्या घरात आली तवापासून ते जिथी होती तिथीच हाये. ना चढली, ना उतरली."

गुणवंतराव वकिलांनी हसू लपवायला टाक दौतीत बुडवला. एकदा पुरला असता, तो तीनदा बुडवला.

"ऐका," ते म्हणाले. "उतरली असं लिहिलं, तर साहेब फक्त ह्या सालाचं पाहतील. मागची चार सालं जशीच्या तशी अंगावर. नव्हतीच असं लिहिलं, तर पाचही सालं नव्यानं मोजता येतात. शिवाय उतरली म्हटलं की साहेब विचारतील, कशानं उतरली? आग लागली? बैल मेले?"

"दारूत गेली म्हना."

"अजी, तुमी दारू कुठी पेता?" गोकुळा म्हणाली.

"मग आजपासून पेईन. मानूस दारूनं बुडला त सोयरे हळहळतात, गोकुळा. खोटं बोलला म्हटलं का हसतात."

वकिलांनी टाक खाली ठेवला. ह्या माणसाचं नक्की काय करावं हे त्यांना गेल्या तीन मंगळवारांत समजलं नव्हतं. अर्ज दोन ओळींचा होता. बाकी सगळी अडचण एका शब्दाची होती.

तो शब्द तालुक्याच्या जनपद सभेच्या कागदावर छापील होता. हैसियत कर. माणसाची ऐपत बघायची, तिच्यावर सालाला कर बसवायचा, एवढंच त्याचं सूत्र. डोमा ढिवराच्या पळसटोल्यात बहुतेकांना तो बसतच नव्हता. ज्यांना बसला त्यांना अडीच-तीन रुपये. बारा रुपयांची असामी गावात दोनच, एक पाटील आणि दुसरा डोमा. पाटलाच्या घरी कौलं होती, बंदूक होती. डोमाच्या घरी दोन खुजट बैल, तलावाखालची एक बांधी, एक डोंगा आणि जाळी. पाच सालांत त्यानं कराचा एक आणा भरला नव्हता. आता ते सगळं दंड आणि नोटिशीच्या खर्चासकट चौसष्ट रुपये सहा आणे झालं होतं, आणि शेवटच्या नोटिशीत लिहिलं होतं की येत्या शुक्रवारी बैलजोडी जप्त होईल. मृग लागायला तीन आठवडे उरले होते. बैल गेले तर बांधी कोण नांगरणार, हा प्रश्न गोकुळाला जेवताना पडत होता, पाणी भरताना पडत होता. डोमाला तो पडत नव्हता असं नाही. पण त्याला त्याहून मोठा एक प्रश्न पडला होता.

डोमाविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय तो प्रश्न कळायचा नाही. दर साली धान निघाल्यावर पळसटोल्यात दंडार होई, रात्रभर सोंगं आणि गाणी, आणि तिच्यात राजा नेहमी डोमा. पुठ्ठ्याचा मुकुट, बायकोचं लुगडं खांद्यावरून सोडलेलं, आणि असा आवाज की पलीकडच्या गावची कुत्री उठावीत. उंचीनं तो पाच फूट, अंगानं काडी. पण "कोण आहे रे तिकडे" म्हटलं की समोर बसलेल्या शंभरांतले दोघे तरी खरंच उठून उभे राहत. अडचण ही की तो आवाज दंडार संपल्यावर पूर्ण उतरत नसे. कुणी त्याला कमी लेखलं, किंवा कमी लेखेल असं त्याला वाटलं, की तो परत चढे. बाजारात मासळीचा भाव पाडून मागणाऱ्याला तो त्याच आवाजात म्हणे, "घेऊन जा, फुकट घेऊन जा," आणि समोरचा खरंच घेऊन जाई. गोकुळा मग मागून पळत जाऊन पैसे आणी. तिला त्या आवाजाचा राग येई, आणि तीस वर्षं झाली तरी तो आवाज लागला की तिच्या पाठीतून काहीतरी सरसरतही जाई. हे तिनं कुणाला सांगितलेलं नव्हतं.

"उठा," वकील म्हणाले. "साहेबांकडेच जाऊ. तोंडानं सांगा, मग मी शब्द ठरवतो."

जनपदाचे साहेब मूळचे छत्तीसगडाकडचे. राज्य बदलणार अशी बोलवा होती. दिवाळीच्या आगंमागं चांद्याचा सगळा मुलूख मुंबईकडे जाणार, आणि साहेब आपल्या मुलखात परत जाणार. जाण्याआधी टेबलावरचे लाल फडक्यातले गठ्ठे संपवायचे असा त्यांनी चंग बांधला होता. म्हणून तर ते तडजोडीला तयार होते.

"देखो वकीलसाहब," ते म्हणाले, "चौसठ रुपये. आधे देऊन टाका, फाईल बंद."

"आधे म्हणजे बत्तीस," गुणवंतराव म्हणाले. "एका बैलजोडीवाल्याचा तुमचाच दर सालीना अडीच रुपये आहे. पाच सालांचे साडेबारा. नोटिशीचा खर्च दीड. चौदा रुपये. हे आज आणले आहेत, मोजून घ्या."

"एक बैलजोडी? यहां तो चार बैल लिखे हैं. बारा खंडी धान. दो डोंगे. तालाब में हिस्सा. नीचे ह्याचा अंगठा आहे." साहेबांनी चष्म्यावरून डोमाकडे पाहिलं. "क्यों भाई, अंगठा तुझाच ना?"

"माहाच."

"मग वकीलसाहब म्हणतात ते झूठ, की हा कागद झूठ?"

डोमा उभा राहिला. गोकुळानं डोळे मिटले. तिला कळलं, आता आवाज लागणार. लागला.

"साहेब, माही पोरगी लग्नाची होती. आरमोरीचे पाहुने तिले पाहाले येनार होते. म्या छपरी सारवली, शेजारच्या दसरूचे दोन बैल आनून माह्या दोन बैलाच्या समोर बांधले. दुपारी गाडी आली. गाडीतून चार जन उतरले. तिघं फेटेवाले, एक टोपीवाला. टोपीवाल्याच्या काखेत वही."

बाजूच्या टेबलावरच्या दोन कारकुनांनी लिहिणं थांबवलं.

"तो तर हमारा मुन्शी," साहेब म्हणाले.

"ते आता मालूम पडलं. रस्त्यात उन्हाचा चालून राह्यला होता म्हनून पाहुन्यायनं त्याले गाडीत घेतलं. पन मी समजलो, त्यायनं शिकलेला मानूस सोबत आनला. शहरातल्या सोयरिकीत तशी रीत असन. त्याले म्या पहिले पानी देल्लं, पाहुन्यायले मांगून देल्लं. त्यानं वही उघडली आन् विचारलं, बैल किती? म्या म्हटलं, चार."

"होते किती?"

"बांधून चार होते."

एक कारकून हसला. गुणवंतरावांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तो थांबला.

"मग त्यानं विचारलं, धान किती? आता साहेब, माहा इवाई बाजूले बसून. पोरीचा होनारा सासरा. पान खात होता, त्यानं पान चावाचं बंद केलं. त्याच्यासमोर बाप काय सांगन, दोन खंडी? म्या बारा सांगितले. डोंगे विचारले, म्या दोन सांगितले. मग तो म्हने, एकूण हैसियत चांगली आहे तुमची. मले बरं वाटलं, साहेब. आजवर कोनी म्हटलं नव्हतं."

"और अंगूठा?"

"म्या समजलो सोयरीक पक्की झाल्याचा कागद होये." डोमानं दोन्ही हात पुढे केले. "मी त दोन्ही अंगठे देत होतो. त्यानंच म्हटलं, एक पुरते."

आता साहेबही हसले. कचेरीत सगळेच हसले, दारातला चपराशीसुद्धा. गोकुळा हसली नाही. तिनं पाहिलं, डोमाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या आणि पुढे केलेले हात त्याला परत कुठे ठेवावे ते सुचत नव्हतं.

"तर मग पहिल्या नोटिशीला हरकत का नाही घेतली?" साहेबांनी विचारलं. "तीस दिन थे."

ह्याचं उत्तर वकिलांनी दिलं. हरकत घेतली की ती गावच्या चावडीवर मोठ्यानं वाचली जाते. चावडीवर वाचलेलं मंगळवारी बाजारात जातं. आणि बाजारातलं शुक्रवारच्या आत आरमोरीला.

साहेबांनी कागद दोनदा पालटला. "ठीक," ते म्हणाले. "चौदा रुपये. पण मी असंच नाही लिहू शकत की अंगठा दिला तो चुकून दिला. मला एक गवाह पाहिजे. गावातला नको, गावातले एकमेकांचे असतात. बाहेरगावचा, इज्जतदार, आणि ज्यानं त्या साली ह्याचं घर डोळ्यांनी पाहिलं असेल असा. त्यानं सही करावी की ह्याच्याकडे चार बैल कधी नव्हते. है कोई?"

डोमा खिडकीबाहेर पाहायला लागला. खिडकीबाहेर मोहाचं एक झाड होतं आणि त्याच्याखाली एक शेळी.

"है कोई?" साहेबांनी पुन्हा विचारलं.

"हाये," गोकुळा दारातून म्हणाली. "माहा इवाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं आरमोरीला निघाली. तीन कोस वाट. डोमाच्या बंडीच्या खिशात वकिलांनी लिहून दिलेला अर्ज होता. 'नव्हतीच' असाच लिहिलेला. शेवटी त्यानं हो म्हटलं नव्हतं, फक्त नाही म्हणायचं थांबवलं होतं. गोकुळाच्या टोपलीत लेकीसाठी, कुंतासाठी, सुके झिंगे होते आणि पदराच्या गाठीत चौदा रुपये, तेही झिंग्यांचेच.

नेहमी डोमा पुढे चाले. आज तो मागे पडत होता. पहिल्या ओढ्याशी त्यानं फेटा सोडून पुन्हा बांधला. दुसऱ्या ओढ्याशी पुन्हा सोडला.

"असेच फेटे बांधत राह्यले त शुक्रवार इथीच उजाडन," गोकुळा म्हणाली.

"तू सांग त्यायले. तुले जमते."

"मी काऊन? बैल मी मोजले होते काय? मी त त्या दिवशी घरात भाकरी थापत होती. तुमचा आवाज आला, बारा खंडी. म्या चुलीपाशी बसून हिशेब लावला का हे कोनाच्या घरचं सांगून राह्यले."

"मंग तवा बाहेर येऊन काऊन नाई बोलली?"

ती चालता चालता थांबली. ह्याचं उत्तर तिच्याकडे होतं, आणि ते तिला आवडत नव्हतं. चुलीपाशी बसून तिनंही तो आकडा ऐकला होता, आणि क्षणभर तिलाही बरं वाटलं होतं.

"चाला," ती म्हणाली.

थोडं पुढे गेल्यावर डोमा आपणहून बोलला, अगदी साध्या आवाजात. "माहं काय, गोकुळा. हसन दुनिया, हसू दे. पन त्या पोरीचं सांग. पाच वर्स झाले, त्या घरात मान वर करून राह्यली. उद्या सासू म्हनन, भाड्याच्या बैलाची पोरगी. देराची बायको म्हनन. मंग ते कोनाले सांगन? बाप इतका दूर."

हाच तो मोठा प्रश्न होता. बैल गेले तर एक साल जाईल. कुंताची मान गेली तर ती कुठल्या सालात परत येणार? गोकुळानं डोक्यावरची टोपली कमरेवर घेतली. ती भरभर चालायला लागली.

इवायाचं, मनसारामचं, घर आरमोरीच्या बाजारामागे होतं. सुक्या मासळीचा ठोक धंदा. गल्लीच्या तोंडालाच वास यायचा आणि घर विचारावं लागायचं नाही. मनसाराम स्वतः अंगानं भारी, बोलायला जड, नाकावर चष्मा. तो छपरीत अंथरलेल्या सातरीवर बसून पोत्यांचं शिवण तपासत होता. दोघांना पाहून तो उठला, "या, इवाई, या. ईनबाई, असं उन्हाचं चालत?" म्हणाला आणि आत पाहून हाक मारली. कुंता पाण्याचा गडवा घेऊन आली, पाया पडली, झिंग्यांची टोपली उचलून आत गेली. गोकुळानं तिच्याकडे नीट पाहून घेतलं. अंगानं भरली होती. हातात बांगड्या पूर्ण होत्या.

मग डोमा बोलायला लागला. तो पावसावर बोलला. सुताच्या भावावर बोलला. राज्य मुंबईकडे गेलं तर वैनगंगेच्या मासळीवर मुंबईवाले हक्क सांगतील काय, ह्यावर बोलला. मनसारामनं दोनदा "हो ना" म्हटलं, एकदा जांभई दिली. शेवटी गोकुळानं हात लांबवला, नवऱ्याच्या बंडीच्या खिशातून कागद काढला आणि सातरीवर इवायाच्या पुढ्यात ठेवला.

"हे वाचा. यायले बोलता येत नाई."

मनसाराम अक्षर जुळवून, मोठ्यानं वाचणारा माणूस होता. "अर्जदार डोमा वल्द सुकलू ढीवर, राहणार पळसटोला... याची हैसियत सन एकावन साली... एक बैलजोडी... अंदाजे दोन खंडी धान... याहून जास्त... नव्हतीच."

तो थांबला. चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"म्हनजे चार बैल नव्हते?"

"दोन होते," डोमा म्हणाला.

"तो तांबडा?"

"दसरूचा."

"आन् तो पांढरा, मोठ्या शिंगाचा?"

"तोबी दसरूचाच."

"मंग तुमचे कोनते?"

"मांगं उभे होते ना. दोन."

"त्यायले त म्या गोऱ्हे समजलो होतो." मनसारामनं पुन्हा कागदाकडे पाहिलं. "आन् धानाच्या ढोल्या? दोन ढोल्या भरून होत्या. म्या हात घालून पाह्यला होता."

"वरतून धान होतं."

"खालतून?"

"बैलाचं तनस."

आतून पाट्यावर काहीतरी वाटल्याचा आवाज येत होता, तो थांबला. मग मनसाराम गुडघ्यावर हात देऊन उठला, कोपऱ्यातली पेटी उघडली आणि नोटा काढून मोजल्या, वर सुटे आणे. ते सगळं त्यानं आणून डोमासमोर ठेवलं.

"चौसष्ट रुपये सहा आने. नेऊन भरा. हा कागद चुलीत घाला."

"इवाई..."

"ऐका माहं. माही सही ह्या कागदावर गेली त उद्या बाजारात माही काय राह्यली? मनसारामचा इवाई अडीच रुपये कराचा मानूस. लोक मले विचारतीन, तुमी डोळे गहान ठेवून सोयरीक केली काय? तुमची हैसियत तुमची एकट्याची नाई, इवाई. पाच वर्सांपासून मीबी तिच्यावर बसलो हावो. म्या चार जनाले सांगितलं, माह्या सुनेच्या बापाच्या दारात चार बैल हायेत."

गोकुळा त्या पैशांकडे पाहत राहिली. बैल वाचत होते. नाव वाचत होतं. कुंता वाचत होती. पाच वर्षं तिनं रोज जे मागितलं ते सगळं एका सातरीवर, हाताच्या अंतरावर पडलं होतं. आता हा आवाज लावेल, तिला वाटलं; छाती काढेल, "इवाई, तुम्ही राजे आहात" म्हणेल, आणि घेईल. तिनं मनातल्या मनात त्याला घे म्हटलंही.

डोमानं पैसे उचलले नाहीत. त्यानं ते दोन बोटांनी परत सरकवले.

"नाई, इवाई." आवाज इतका बारीक होता की मनसारामला पुढे वाकावं लागलं. "हे घेतले त मी पुन्हा चार बैलाचा होईन. पुढच्या साली पुन्हा बारा रुपये येतीन. मंग पुन्हा तुमच्या दारात. मले दोन बैल पोसनं जमते. ते दुसरे दोन जे हायेत ना, नसलेले, ते लय खातात."

"मंग सही दुसऱ्या कोनाची घ्या."

"दुसरा कोनी त्या दिवशी आला नव्हता."

"मी देत नाई."

"मंग शुक्रवारी बैल जातीन. पन पैसे घेत नाई."

दोघं समोरासमोर बसून राहिले. एकाच्या हाताशी पैसे, दुसऱ्याच्या हाताशी कागद, आणि दोघांपैकी कुणीच आपलं उचलायला तयार नाही. तेवढ्यात आतल्या दारातून कुंता म्हणाली, "मामाजी, दौत आनू?"

मनसारामनं मान वळवली. "तुले हे मालूम होतं?"

"मालूम नसन कसं? तुमची गाडी गेल्यावर दसरूकाकाचे बैल मीच त पोचवाले गेली. तांबडा येत नव्हता. त्याले आमच्या घरचं तनस गोड लागलं."

"आन् तू ह्या घरात पाच वर्सं काही बोलली नाई?"

"तुमाले नाई बोलली."

आतून, पाट्यापासून, तिच्या सासूचा, सुगंधाबाईचा आवाज आला. त्या बाहेर आल्या नाहीत. त्यांचे हात मसाल्याचे होते. "मले पहिल्याच दिवाळीले सांगितलं तिनं. आमी दोघी हसून हसून कोठीत बसलो. सही करा जी लवकर. बैल काय चाटाचे हायेत? पोरगी त आपल्याच घरी हाये ना?"

गोकुळानं डोमाकडे पाहिलं. डोमा जमिनीकडे पाहत होता. पाच वर्षं त्यानं एकट्यानं जे डोक्यावर वाहिलं, ते ह्या घरातल्या चुलीपाशी केव्हाच उतरवून, त्यावर हसूनही झालं होतं. आनंद व्हायला हवा होता. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते तिला, तीस वर्षांत पहिल्यांदा, वाचता आलं नाही.

कुंतानं दौत-टाक आणून ठेवला. मनसारामनं बायकोच्या दिशेनं एकदा पाहिलं, पैसे गोळा करून पेटीत टाकले, पेटी लावली, आणि मग सातरीवर मांडी घालून सही केली. एकेक अक्षर सुटं, मोठं, शाळेतल्या पाटीवर काढावं तसं. शाई वाळेपर्यंत कागद त्यानं हातातच धरून ठेवला. डोमानं हात पुढे केला तरी तो लगेच सोडला नाही.

"एक सांगा, इवाई," तो म्हणाला. रागानं नाही; नुसतं जाणून घ्यायचं म्हणून. "त्या दिवशी तुमी दोनच बैल सांगितले असते, त मी उठून गेलो असतो, असं वाटलं तुमाले?"

कुंता दारात थांबली. हा प्रश्न गोकुळालाही पाच वर्षं विचारायचा होता आणि तिला तो कधी इतका सरळ मांडता आला नव्हता.

डोमानं कागद घेतला. त्याची चार पदरी घडी केली, बंडीच्या आतल्या खिशात घातली, वरून तळवा दाबला. मनसारामकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. हो म्हटलं तर इवायाचा कमीपणा, नाही म्हटलं तर पाच वर्षांचं ओझं फुकटचं. मग तो उठला, उंबऱ्यापाशी वाकून पायात वाहाणा घातल्या आणि चालू लागला. आत ताटं मांडल्याचा आवाज येत होता.